वाण एकाचे, बाजार दुसऱ्याचा. मधली वाट मात्र आपल्या हाती



शेतकऱ्याने शोध लावावा, व्यापाऱ्याने त्याला नाव द्यावे, सरकारने गळ्यात पदक घालावे आणि बाजाराने शोध ठेवून शोधणाऱ्याला विसरावे, अशी आपल्या देशातली रीत पडली आहे. यावर राजधानीत परिसंवाद झडतात. "ग्रामीण नवे शोध बाजारापर्यंत कसे न्यावेत" हा विषय असतो आणि उत्तर आधीच ठरलेले असते. स्टार्ट-अप काढा, पोर्टल उघडा, खाजगी गुंतवणूकदार आणा, बाकीचे बाजार बघून घेईल. या परिसंवादांत शेतकरी क्वचित दिसतो, मच्छीमार त्याहून क्वचित. रेल्वेचा पार्सल क्लार्क आणि गावचा शाखा डाकपाल तर कधीच दिसत नाही.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. गावातला शोध बाजारात जायला तीन गोष्टी लागतात. शोध कोणाचा, याचा दाखला लागतो. दलालाच्या उचलीतून सोडवणारा पैसा लागतो. आणि माल थोडा असला तरी तो रास्त दरात, वेळेवर नेणारे वाहन लागते. पहिल्या दोन गोष्टींवर बोलणारे पुष्कळ आहेत. तिसरीवर कोणी बोलत नाही, कारण ती सार्वजनिक मालकीची आहे आणि तिच्यात मूठभरांना नफा दिसत नाही. ही तिसरी गोष्ट रेल्वे आणि टपाल कामगारांच्या हातात आहे. ती आज आपल्या डोळ्यांदेखत मोडली जात आहे, म्हणून हा लेख.

नांदेड गावची गोष्ट

हे नांदेड म्हणजे गोदावरीकाठचे शहर नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले हे लहान गाव. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचा शेतकरी राहत होता. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल ३' जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर आणि बारीक होता. त्यांनी त्या काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत नेली. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, पगार नाही. त्यातून जे धान उभे राहिले त्याला भात जास्त, दाणा बारीक आणि चव चांगली.

बियाणे हातोहात गेले. बाजारात आल्यावर व्यापाऱ्याने त्याला 'एचएमटी' नाव दिले, कारण त्या काळात एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे हा मानाचा विषय होता. हे नाव नीट ध्यानात घ्या. चांगल्या, भरवशाच्या मालाला नाव द्यायचे तर व्यापाऱ्यालासुद्धा एका सार्वजनिक कारखान्याचे नाव सुचले! तो घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तांदळावर मात्र ते नाव अजून आहे.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले. मूळ वाणात भेसळ होती आणि आम्ही ते शुद्ध केले, अशी विद्यापीठाची बाजू. वाण माझे आणि श्रेय मला नाही, हे दादाजींचे म्हणणे. आम्ही त्या वादाचा निवाडा करायला बसलेलो नाही. निवाडा करायला जे कागद लागतात, ते दीड एकरवाल्या माणसाकडे नसतात, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. कोणी, कोणत्या तारखेला, किती बियाणे, कोणाला दिले याची एक साधी पावती त्यांच्याजवळ असती, तर पुढची भाषा वेगळी झाली असती. या पावतीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

दादाजी थांबले नाहीत. 'नांदेड चिन्नोर', 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', 'डीआरके' अशी आणखी वाणे त्यांनी काढली. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. उद्योजक! ज्याच्या वाणाचा तांदूळ विदर्भाबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणपर्यंत पिकला आणि विकला गेला, त्या 'उद्योजका'ची अखेरची वर्षे हलाखीत गेली. पक्षाघातानंतर गडचिरोलीच्या शोधग्राम येथे उपचार चालू असताना ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या मार्गावर काम केलेल्या रेल्वे बांधवांना एक गोष्ट लगेच दिसेल. नागभीड जंक्शन, तळोधी रोड, सिंदेवाही ही गोंदिया-बल्लारशाह मार्गावरची स्टेशने. एचएमटी तांदळाचा जन्म, त्याचे बारसे आणि त्याचे सरकारी दत्तकविधान, सारे या पट्ट्यात रुळांच्या आसपास घडले. गाडी दाराशी असूनही त्या शेतकऱ्याला आपले बियाणे आपल्या नावाने दूरच्या शेतकऱ्यापर्यंत नेता आले नाही. ते व्यापाऱ्याच्या पोत्यातून, व्यापाऱ्याच्या नावाने गेले.

कायदा कोणासाठी धावतो

कोणी म्हणेल, आता कायदा आहे. खरे आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. अट एकच, की ते छापील ब्रँडच्या नावाने विकू नये. आपले वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याची सोयही त्यात आहे. कायदा चांगला आहे आणि तो शेतकरी चळवळींच्या रेट्यामुळे असा झाला आहे.

पण कायद्याला पाय नसतात. ज्याच्याकडे वकील, त्याच्याकडे तो धावतो. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातेतल्या बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर दावे लावले. आमचे नोंदलेले वाण तुम्ही लावले, म्हणून काही जणांकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपये द्या, ही मागणी! देशभर संताप उसळला तेव्हा कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. कंपनी न्यायालयात गेली, एकदा हरली, पुन्हा अपिलात गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडून रद्द करण्याचा तो आदेश बाजूला करून घेतला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. बटाट्याच्या एका वाणासाठी कंपनी पाच वर्षे कचेऱ्या आणि न्यायालये झिजवू शकते, कारण तिचा तो धंद्याचा खर्च आहे. दादाजींना वकील परवडणारा नव्हता. हक्क कागदावर दोघांचेही आहेत. ते बजावण्याची ताकद एकाचीच आहे. म्हणून नुसत्या हक्कांच्या घोषणेवर आम्ही समाधान मानत नाही. हक्क बजावायला गरिबाला स्वस्त, सार्वजनिक, गावातली यंत्रणा लागते.

फोन नव्हे, होडी

जमिनीवर जे घडते तेच समुद्रावर घडते. मासळी तर धानापेक्षा नाजूक. धान आठ दिवस थांबेल, तारली आठ तास थांबणार नाही. त्यामुळे वाहन आणि बाजार यांचे नाते समुद्रकाठी अधिक स्पष्ट दिसते.

पोर्टलवाल्या पंडितांचा एक आवडता दाखला आहे. केरळात कासरगोड, कन्नूर, कोळिकोड या जिल्ह्यांत १९९७ ते २००१ या काळात मोबाइल फोन आले. मच्छीमार समुद्रातूनच किनाऱ्यांवरचे भाव विचारू लागले आणि जेथे भाव बरा तेथे होडी नेऊ लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे मोजमाप आहे. किनाऱ्याकिनाऱ्यांवरच्या भावांतला फरक घटला, गिऱ्हाइकाअभावी फेकावी लागणारी तारली जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यासाठी भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. अभ्यास चोख आहे. पण त्यावरून पंडित काय सांगतात? "पाहा, माहिती दिली की पुरे! शेतकऱ्याच्या हातात ॲप द्या, काम झाले."

आमचा प्रश्न साधा आहे. भाव कळल्यावर तो मच्छीमार दुसऱ्या किनाऱ्यावर गेला कशाने? होडीने. वाहन त्याच्या स्वतःच्या हातात होते! फोनने त्याला दिशा दाखवली, पण माल नेला होडीने. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला मुझफ्फरपूरचा भाव फोनवर कळून उपयोग काय, जर मुझफ्फरपूरला जाणारी गाडी त्याच्या स्टेशनवर पार्सल घेत नसेल? २०१६ मध्ये ई-नाम हा राष्ट्रीय बाजाराचा गाजावाजा झाला. पडद्यावर बाजार एक झाला, पण वाहतुकीच्या खर्चाने तो तुटकाच राहिला.

केरळातल्या मच्छीमारांची याहून जुनी आणि आपल्या कामाची गोष्ट आहे, ती पंडित सांगत नाहीत. तिरुवनंतपुरमजवळच्या मरियानाड गावी १९७० च्या सुमारास मच्छीमारांनी आपली संस्था बांधली. तोवर दलाल जाळ्या-होड्यांसाठी उचल देत आणि त्या बदल्यात मासळी आपल्यालाच विकण्याची बेडी घालत. संस्थेने कर्ज, बचत आणि किनाऱ्यावरचा लिलाव एकत्र आणले. पहिली विक्री मच्छीमाराच्या स्वतःच्या ताब्यात आली. अशा गावोगावच्या संस्थांतून १९८० मध्ये दक्षिण भारतातल्या मच्छीमार संस्थांचा महासंघ उभा राहिला, त्याला 'सिफ्स' म्हणतात. होड्या कोरायला मोठी खोडे मिळेनाशी झाली होती, तेव्हा प्लायवूडच्या होड्या गावच्या गरजेप्रमाणे बांधून देण्याचे काम या महासंघाने आपल्या बांधणी केंद्रांतून केले. लाटा फोडून किनाऱ्यावर येणारी ही होडी मच्छीमारांच्या अनुभवावर घडली आणि किनाऱ्याकिनाऱ्यांवर पसरली.

नवी होडी पसरली कारण तिच्यामागे संघटना होती, कर्ज होते आणि लिलावावर ताबा होता. नवा धान पसरला, पण त्यामागे काहीच नव्हते, म्हणून तो पसरताना शोधणारा मागे राहिला. दोन्ही ठिकाणी बुद्धी कष्टकऱ्याचीच होती. फरक संघटनेचा होता. हा धडा कामगार चळवळीतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

तीन किलो डाळिंब

आता आपल्या घरात येऊ.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल सुटली. पुढे ऑक्टोबरपासून फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. ती रक्कम अन्नप्रक्रिया मंत्रालय भरत असे. २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोला ते शालिमार ही शंभरावी गाडी पंतप्रधानांनी रवाना केली. त्या दिवशी त्यांनीच अभिमानाने सांगितले, की या गाडीने एका शेतकऱ्याने केवळ तीन किलो डाळिंबांचे पार्सल पाठवले आहे. माल किमान किती हवा, अशी अटच नव्हती. साधारण पहिल्या दोन वर्षांत देशात अशा सुमारे २,३५० फेऱ्या झाल्या, जवळजवळ ८ लाख टन माल गेला आणि त्यातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक फेऱ्या एकट्या महाराष्ट्रातून सुटल्या.

हे कोणी केले? कोणत्या स्टार्ट-अपने? टाळेबंदीच्या त्या वर्षात पार्सल क्लार्क, पॉइंट्समन, गार्ड, लोको पायलट, ट्रॅकमन आणि हमाल यांनी केले. रेल्वे हे काम करू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा आम्हाला नको. तीन किलोचा माल घेणारी गाडी म्हणजेच नव्या वाणाची गाडी. कारण नवा शोध सुरुवातीला नेहमी तीन किलोच असतो! तो पहिल्या दिवशी मालगाडीचा पूर्ण रेक भरून येत नाही.

पण अनुदान मार्च २०२२ पर्यंतच होते आणि त्यानंतर फेऱ्यांची ती गती राहिली नाही. उत्सव संपला, मांडव उतरला. आणि मांडवाखालची जमीन कशी होती? गेल्या तीस-चाळीस वर्षांत रेल्वेने फुटकळ माल घेणे टप्प्याटप्प्याने सोडले आणि पूर्ण रेकचा धंदा धरला. कोळसा, खनिज, सिमेंट, कंटेनर. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीचा ८५ टक्क्यांहून अधिक वाटा रेल्वेकडे होता, आज तो तिशीच्या आत आहे. प्रवासी गाडीच्या ब्रेकव्हॅनमधला कप्पा ठेक्याने दिला जातो आणि चार टनांचा कप्पा घेणाऱ्या ठेकेदाराच्या दारात लहान शेतकऱ्याला उभे राहावे लागते. दोन मिनिटांच्या थांब्यात पार्सल चढत नाही. करोनाकाळात लहान स्टेशनांचे जे थांबे गेले ते सगळे परत आले नाहीत. ज्या वंदे भारत गाड्यांना हिरवे झेंडे दाखवण्याची एवढी हौस आहे, त्यांना पार्सलचा डबाच नाही.

वरून आपल्याला सांगितले जाते की पार्सल तोट्यात आहे. तोटा पाहायचा तर सगळ्या बाजूंनी पाहा. ट्रकला लागणारा रस्ता सरकार बांधते, तो तोटा कोणी मोजत नाही. बाजारात न पोचलेल्या फळांची नासाडी शेतकरी सोसतो, तो तोटा कोणाच्याच ताळेबंदात येत नाही. खाउजा धोरणाची ही जुनी हातचलाखी आहे. खर्च समाजाचा आणि नफा खाजगी, आणि सार्वजनिक सेवेच्या माथी मात्र प्रत्येक पैशाचा हिशेब.

टपालाची पावती

टपालाची कथा वेगळी नाही. आज ऑनलाइन कंपन्या 'माल घ्या, मग पैसे द्या' ही जणू आपलीच कल्पना असल्यासारखी मिरवतात. टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत १८७७ मध्ये सुरू केली! किती रोपवाटिका, बियाणेवाले, वैद्य आणि प्रकाशक या व्ही. पी. वर जगले, हे जुन्या डाकपालांना विचारा. देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसे आहेत आणि दर दहांतली नऊ ग्रामीण भागात आहेत. जगात कोणत्याही खाजगी कुरिअरकडे हे जाळे नाही. जेथे रस्ता संपतो तेथे खाजगी कुरिअर "या पिनकोडवर सेवा नाही" म्हणून मोकळे होते आणि तेथूनच पुढे आपला ग्रामीण डाकसेवक सायकल काढतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. अशा कामाचा माल म्हणजे काय? मूठभर वाल, पसाभर भात, कागदाच्या पुडीतले भाजीचे बी. हे ट्रकचे काम नाही, हे टपालाचे काम आहे. कायद्याने शेतकऱ्याला बियाण्याची अदलाबदल करण्याचा हक्क दिला असेल, तर ती अदलाबदल बांधाच्या पलीकडे नेणारी थैली आपली आहे.

आणि आता त्या पावतीची गोष्ट. पोस्टाची तारखेचा शिक्का असलेली पावती हा या देशातल्या गरीब माणसाचा सर्वांत जुना पुरावा आहे. नोटीस पोचली की नाही, अर्ज मुदतीत गेला की नाही, हे कोर्ट-कचेरीत त्या पावतीवर ठरते. बियाण्याच्या पाकिटाची नोंद पाठवणाराचे नाव, वाणाचे नाव आणि तारखेसह पोस्टात झाली, तर शेतकऱ्याच्या हाती एक दाखला येतो. अमुक साली हे बी माझ्याकडून अमुक संस्थेला गेले, एवढे तरी तो छातीठोकपणे दाखवू शकेल. एवढ्याने वाणाची मालकी सिद्ध होणार नाही हे आम्ही जाणतो, त्यासाठी प्राधिकरणाची नोंदणीच लागते. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे एक शिक्का असणे, हा फरक लहान नाही.

सरकार मात्र उलट दिशेने चालले आहे. पुस्तके स्वस्तात पाठवण्याची नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये गेली. नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विरघळवली. आरएमएसची कार्यालये एकमेकांत मिसळून मोठी केंद्रे केली जात आहेत. वेगाच्या नावाखाली स्वस्त सेवा जाते आणि महाग सेवा तेवढी उरते. शेतकऱ्याच्या पुडीला वेगापेक्षा स्वस्त दर आणि खात्री हवी, हे वातानुकूलित खोलीत बसून कसे कळावे?

"हा आपला प्रश्न नाही" म्हणणाऱ्यांना

आपल्यातलेच काही साथी विचारतात, "पगार, पेन्शन, रिक्त जागा एवढे प्रश्न असताना संघटनेने शेतकऱ्याच्या धानात आणि कोळ्याच्या मासळीत कशाला पडावे?"

त्यांना आम्ही २०१८ च्या जून महिन्याची आठवण देतो. २२ मेपासून देशभरचे ग्रामीण डाकसेवक संपावर होते. दिवसाला चार-पाच तासांचे काम म्हणून ज्यांना कायम कर्मचारी मानले जात नाही, त्या डाकसेवकांनी पंधरा दिवस गावोगावच्या टपाल कचेऱ्या बंद ठेवल्या. त्याच वेळी, १ जूनपासून अनेक राज्यांतल्या शेतकऱ्यांनी 'गाव बंद' आंदोलन पुकारून शहरांचा भाजीपाला आणि दूध रोखले. आणि ३ जूनला दादाजी खोब्रागडे गेले. तीन घटना एकाच आठवड्यातल्या आणि एकाच गावकुसाच्या आतल्या. डाकसेवक आणि शेतकरी बहुतेक गावांत एकाच आळीत राहतात, कित्येकदा एकाच घरात. तरी तीन बातम्या तीन वेगळ्या पानांवर छापून आल्या. ६ जूनला मंत्रिमंडळाने डाकसेवकांच्या वाढीव भत्त्याला मान्यता दिली, पण त्याला 'वेतन' म्हटले नाही. नाव ठेवले 'काळाशी निगडित सातत्य भत्ता'. दादाजींच्या शोधाला दुसऱ्याचे नाव मिळाले आणि डाकसेवकाच्या पगाराला भलतेच. कष्ट करणाऱ्याला त्याचे नाव न देणे, हे दोन्हीकडे सारखेच!

आणि हिशेबानेच बोलायचे तर हा आपल्या पोटाचा प्रश्न आहे. लहान स्टेशनचे पार्सल बंद झाले की तेथल्या जागा 'अतिरिक्त' ठरतात. शाखा टपाल कार्यालयात बुकिंग नाही म्हटले की कामाचे तास घटतात आणि तासांवर डाकसेवकाचा भत्ता ठरतो. रिक्त जागा भरा, ही मागणी आपण दरवर्षी करतो आणि दरवर्षी उत्तर मिळते की काम नाही. काम शेतात आणि बंदरावर पडून आहे! ते रेल्वेकडे आणि टपालाकडे येऊ दिले जात नाही, एवढेच. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करून सरकारने कामगारांची बाजू आणखी दुबळी केली आहे. अशा वेळी एकट्या कामगारांची मागणी दाबणे सोपे जाईल. ज्या मागणीमागे तालुक्यातला शेतकरी आणि बंदरावरचा कोळी उभा आहे, ती दाबणे तितके सोपे नाही. २०२० चे तीन कृषी कायदे २०२१ च्या नोव्हेंबरात मागे घ्यावे लागले, ते चिवट एकजुटीमुळेच.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगितली पाहिजे. पार्सल ऑफिसात हमालीच्या नावाखाली वरकड पैसे मागितले जातात, पेट्या आपटल्या जातात, आंब्याच्या पेटीतले आंबे कमी भरतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. जेथे ती खरी असेल तेथे संघटनेचे पाठबळ अशा वागण्याला मिळता कामा नये. ठेकेदाराने अर्ध्या मजुरीवर ठेवलेल्या माणसाकडून हे होते, असे म्हणून विषय झटकू नये. त्या ठेका मजुराला संघटनेत आणणे आणि शेतकऱ्याच्या पेटीची राखण करणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

आमच्या मागण्या

वर्षाच्या मागण्यांच्या सनदेत पुढील कलमे घालावीत, असे आम्ही सुचवतो.

१. प्रत्येक मार्गावर ठराविक अंतराने किमान एक लहान स्टेशन पार्सलसाठी खुले ठेवावे. तेथे निदान एका गाडीला पुरेसा थांबा द्यावा आणि किमान वजनाची अट नसावी.

२. हंगामात नियमित गाड्यांना रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी चालवलेला पार्सल डबा जोडावा. त्यातला ठराविक भाग शेतकरी गट, मच्छीमार संस्था आणि एकेकट्या उत्पादकांसाठी राखून ठेवावा, तो ठेक्याने देऊ नये.

३. मासळी बंदरांजवळच्या स्टेशनांवर बर्फाची, न गळणाऱ्या पेट्यांची आणि सावलीची सोय करावी. खारे पाणी गळून डबा गंजतो म्हणून मासळी नाकारण्यापेक्षा पेटी पुरवणे स्वस्त पडते.

४. फळे, भाजीपाला आणि मासळी यांच्या भाड्यातली सवलत कायम करावी. ती उत्सवी घोषणा नसून अर्थसंकल्पातली तरतूद असावी.

५. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या बियाण्यांसाठी सवलतीच्या दरात नोंदणीकृत 'बियाणे टपाल' सुरू करावे. पावतीवर वाणाचे आणि पाठवणाराचे नाव नोंदवावे.

६. ही सेवा शाखा टपाल कार्यालयातून चालावी आणि त्यासाठी लागणारे तास डाकसेवकांच्या कामात धरावेत. डाकसेवकांना कायम कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि निवृत्तिवेतन द्यावे.

७. पार्सल, बुकिंग आणि सॉर्टिंगच्या रिक्त जागा भराव्यात. ठेका हमालांना रेल्वेचे कामगार म्हणून मान्यता द्यावी.

शाखांनी काय करावे

मागण्या लिहून दिल्लीला धाडल्या की आपले काम संपत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या स्टेशनच्या आणि टपाल उपविभागाच्या परिसरात एक साधी पाहणी करावी. येथे काय पिकते, कोणी नवे काय काढले आहे, ते आज कोणत्या वाहनाने जाते, भाडे किती पडते आणि किती माल वाटेत नासतो? हे आकडे साहेबाच्या टेबलावर नाहीत, ते तुमच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे आहेत. पाहणी झाली की शेतकरी संघटना आणि मच्छीमार संस्था यांना बोलावून एक संयुक्त द्वारसभा घ्यावी आणि तिचा ठराव विभागीय व्यवस्थापक आणि अधीक्षक डाकघर यांना द्यावा. मराठी मुलखाबाहेर, भिलाईत, रायपुरात, सिकंदराबादेत, सुरतेत काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे मुद्दाम करावे. एचएमटीचा तांदूळ तिकडेही पिकतो आणि तो कोणाच्या हाताने घडला हे तिकडच्या शेतकऱ्याला सांगणारे तुम्हीच आहात.

बाजारावर आमचा राग नाही. शेतकऱ्याला आणि कोळ्याला बाजार हवाच आहे. पण बाजाराची वाट खाजगी झाली, की त्या वाटेवर जकात बसते आणि ती जकात देऊ न शकणारा माणूस आपला शोध दुसऱ्याच्या हवाली करून मागे राहतो. वाट सार्वजनिक राहिली, तर तीन किलोवाल्यालाही तिच्यावर चालता येते. रूळ आणि टपालाची थैली ही या देशातल्या गरिबाची वाट आहे. ती राखणे हा आपल्या नोकरीचा प्रश्न आहे आणि नोकरीपेक्षा मोठाही आहे.

पार्सल वाचवा, टपाल वाचवा!
शोध कष्टकऱ्याचा, नाव कष्टकऱ्याचे!
कामगार-शेतकरी-मच्छीमार एकजुटीचा विजय असो!